बांधलेलं इंजिन घरीच गाडीत बसवायचं, तर आधी काय समजून घ्यावं?

इंजिन बांधून आलं. बोअर झाला, नवे पिस्टन पडले, रिंगा आणि बेअरिंग बदलली, हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं, फेसिंग झालं, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला. आता ते स्टँडवर उभं आहे आणि समोर गाडीचं बॉनेट उघडं, आत नुसता खड्डा. अशा वेळी बहुतेकांचा हिशेब असा असतो की अवघड काम संपलं; राहिलं ते उचलून ठेवणं, आठ-दहा बोल्ट आवळणं आणि वायरी जोडणं. मग कानावर येणाऱ्या गोष्टी कोड्यात टाकतात. एवढा खर्च करून बांधलेलं इंजिन महिन्याभरात पुन्हा खोलावं लागलं. नवी क्लच प्लेट टाकूनही गिअर पडेना. गाडी सुरू झाली आणि दोन मिनिटांत खालून ठोके ऐकू यायला लागले.

यात इंजिन बांधणाऱ्याचा दोष असतोच असं नाही. बांधलेलं इंजिन सगळ्यात नाजूक असतं ते पहिल्या काही मिनिटांत. तेल अजून सगळीकडे पोचलेलं नसतं, रिंगा सिलिंडरला बसलेल्या नसतात, पाण्याच्या वाटेत हवा अडकलेली असते. इंजिन बसवण्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी या मिनिटांची तयारी असते. हे डोक्यात पक्कं असलं की कुठे घाई चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, ते आपोआप कळत जातं.

नवं असूनही नाजूक का?

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट फिरतो. पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा हा दांडा. तो ज्या बेअरिंगांमध्ये फिरतो त्यांत गोळ्या नसतात. दोन अर्ध्या, गुळगुळीत, वाकवलेल्या पट्ट्या असतात आणि त्या व शाफ्टच्या मध्ये साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटरची फट असते. या फटीत तेलपंप दाबाने तेल भरतो आणि शाफ्ट त्या तेलावर तरंगतो. चालत्या इंजिनात इथे धातूला धातू लागतच नाही. तेल नसेल तर मात्र लागतो, आणि मऊ धातूचं बेअरिंग खरवडलं जायला मोजके सेकंद पुरतात. बांधताना सगळीकडे घट्ट, चिकट वंगण लावलेलं असतं, पण ते सुरुवातीच्या काही फेऱ्यांपुरतंच. पुढचं काम तेलाच्या दाबानेच व्हायचं असतं.

दुसरी नाजूक जागा सिलिंडरची भिंत. बोअर केल्यावर ती आरशासारखी सोडत नाहीत. तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडतात. या कामाला होनिंग म्हणतात. जात्याला टाकी लावतात तसंच हे. गुळगुळीत झालेलं जातं दळत नाही म्हणून टाकीने खाचा पाडायच्या, आणि टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ खाण्यात घ्यायचं नाही, कारण त्यात कच येते. इंजिनात या रेघा तेल धरून ठेवतात आणि नव्या रिंगांना घासून सिलिंडरच्या आकाराचं करतात. ती कच इथेही निघते, पहिल्या तेलात. ते तेल लवकर फेकायचं असतं ते त्यामुळेच.

आधी शोधा, जुनं इंजिन कशाने गेलं

हा भाग बहुतेक जण ओलांडून पुढे जातात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. इंजिन स्वतःहून क्वचितच मरतं. बाहेरचं काहीतरी त्याला मारतं, आणि ते बाहेरचं काहीतरी अजून गाडीतच असतं.

इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आतून गाळाने भरलेला असू शकतो, पंख्याची मोटर हळू फिरत असू शकते, वॉटर पंपाची पाती झिजलेली असू शकतात. तोच रेडिएटर पाण्याने विसळून परत लावला तर नवं हेडही तसंच वाकणार. इंजिन बांधून देणारे कित्येक जण हेडवर किंवा ब्लॉकवर एक छोटी धातूची चकती चिकटवून देतात. तिला हीट टॅब म्हणतात. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे इंजिन तापलं की तिचा मधला भाग वितळतो. वॉरंटीसाठी कोणी परत आलं, की आधी ती चकती बघितली जाते. या एका चकतीवरून ओळखावं की ही तक्रार किती नेहमीची आहे.

बेअरिंग जाऊन इंजिन बंद पडलं असेल तर प्रश्न वेगळा. त्या बेअरिंगचा भुगा तेलाबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. ऑइल कूलर असेल तर त्याच्या बारीक वाटांत तो अडकून बसतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही. तो बदलणंच शहाणपणाचं. टर्बो असेल तर त्याची तेलाची नळी आणि टर्बो स्वतः, दोन्ही तपासायला हवेत. जुनं इंजिन तेल पीत असेल तर एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा जाळीदार डबा, चोंदलेला असू शकतो. मग नव्या इंजिनाला श्वास सोडता येत नाही, ते तापतं, आणि दोष त्याच्या माथी येतो.

उचलायचं कशाने?

छोट्या, अॅल्युमिनियमच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं वजन साधारण १०० ते १५० किलो धरा. बिडाचं मोठं इंजिन २०० च्या पुढे सहज जातं. चार जणांनी दोर लावून उचलायचं हे प्रकरण नाही.

चाकांची घडीची इंजिन क्रेन भाड्याने मिळत असेल तर तीच घ्यावी. तिच्या बूमवर, म्हणजे पुढे आलेल्या हातावर, भोकं असतात आणि प्रत्येक भोकाशी वजनाचा आकडा लिहिलेला असतो. बूम जितका बाहेर काढाल तितकी ताकद कमी होते, आणि पूर्ण बाहेर काढल्यावर ती निम्म्याहूनही खाली येऊ शकते. इंजिन गाडीत खोल ठेवायचं म्हणजे बूम बाहेर काढावाच लागतो, म्हणून मोजायचा तो त्या भोकाचा आकडा. क्रेनवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा इथे कामाचा नाही. चेन कप्पी वापरायची तर ती कशाला टांगली आहे, याचं उत्तर ठाम हवं. छताचा लाकडी वासा हे उत्तर नव्हे.

साखळी इंजिनाला ज्या बोल्टांनी अडकवता त्यांच्यावर सगळा भार असतो. अॅल्युमिनियमच्या भोकात बोल्ट त्याच्या जाडीच्या निदान दीडपट आत गेला पाहिजे: १० मिलिमीटरच्या बोल्टला १५ मिलिमीटर तरी आटे पकडलेले हवेत. इंजिनावर उचलण्यासाठी कडी दिलेली असते. ती आधी बसवा. इंजिनाचा कल बदलता येणारा लेव्हलर, म्हणजे हँडल फिरवून पुढची-मागची साखळी कमी-जास्त करणारी पट्टी, मिळाला तर अर्धी कटकट वाचते, कारण इंजिन सरळ खाली जात नाही. ते तिरपं जातं आणि खाली गेल्यावर आडवं करावं लागतं.

जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी. मातीत किंवा फरशीच्या तुकड्यांवर क्रेनची चाकं अडतात, आणि अडलेली क्रेन ढकलताना टांगलेलं इंजिन झोका घेतं. गाडी वर उचलली असेल तर ती जॅकवर सोडायची नाही. खाली घोडे लावायचे, म्हणजे लोखंडी स्टँड. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही न्यायचं नाही. बोल्ट पडला तर पडू द्या, इंजिन टेकल्यावर उचलता येतो.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि ते वरून जातच नाही. गिअरबॉक्ससकट, कधी खालच्या अख्ख्या सबफ्रेमसकट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या सांगाड्यासकट, ते खालून बसवायचं असतं आणि त्यासाठी गाडीच पुरेशी वर घ्यावी लागते. काम ठरवण्याआधी तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल उघडून एवढं तरी बघाच.

टांगण्याआधी काय उरकायचं?

इंजिन स्टँडवर असताना जी जागा हाताशी असते ती गाडीत गेल्यावर आरशात बघून चाचपडायची जागा होते. म्हणून नॉक सेन्सर, ऑइल प्रेशर स्विच, मागच्या बाजूच्या पाण्याच्या नळ्या, त्यांच्या क्लिपा, हे सगळं आधीच लावून घ्यावं. काढताना फोटो काढले असतील तर उत्तम. नसतील तर निदान बसवताना काढा.

टायमिंग पुन्हा तपासा, मग बांधणाऱ्याने कितीही खात्री दिली असो. टायमिंग म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ. खुणा जुळवा आणि मग क्रँक पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवा. दोनच का? चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं, त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह एकदा तरी उघडून मिटतात. मध्ये कुठे कडक लागलं तर तिथेच थांबा. कित्येक इंजिनांत टायमिंग चुकलं की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. हाताने फिरवताना ती धडक जाणवते आणि नुकसान होत नाही. स्टार्टरने फिरवलं तर व्हॉल्व्ह वाकतात.

इंजिन आणि गिअरबॉक्सची जुळणी: इथे धीर लागतो

या जोडणीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण घरी काम करणाऱ्यांचा संयम इथे संपतो आणि महागडे भाग इथेच तुटतात.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील असतं, त्यावर क्लच प्लेट, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. गिअरबॉक्समधून एक दांडा पुढे येतो. त्याला इनपुट शाफ्ट म्हणतात आणि त्याच्यावर लांब दाते असतात. तो क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकातून आरपार जाऊन, बऱ्याच गाड्यांत, क्रँकच्या टोकाच्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतो. म्हणजे क्लच प्लेट नेमकी मध्यावर नसेल तर दांडा आत जाणारच नाही. प्रेशर प्लेट आवळण्याआधी प्लेट मध्यावर धरायला डमी शाफ्ट मिळतो, स्वस्त प्लॅस्टिकचाही चालतो. तो घालून ठेवा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, आणि मगच डमी काढा. प्लेट उलटी लागू नये म्हणून तिच्यावर फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा छापलेली असते. बोटांचं तेल लागलं असेल तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं आणि नवा क्लच घसरायला लागतो.

फ्लायव्हीलच्या बोल्टांबद्दल एक बारीक गोष्ट. काही इंजिनांत त्यांची भोकं आरपार क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या तेलकट पोकळीत, उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लावला नाही तर त्या बोल्टांतून तेल झिरपतं, क्लचपाशी थेंब दिसतात, आणि माणूस नवंकोरं मागचं ऑइल सील बदलायला सगळं पुन्हा उतरवतो.

आता प्रत्यक्ष जुळणी. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा कल एकसारखा करा. दोन्हींच्या तोंडांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे डोळ्यांनी सारखी दिसली पाहिजे. गाडी गिअरमध्ये टाकून क्रँक पान्याने किंचित फिरवली की दाते जुळतात आणि इंजिन सरकून आत जातं. शेवटी बेलहाउसिंगची तोंडं, म्हणजे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाची कड आणि इंजिनाची मागची कड, हातानेच जवळजवळ टेकली पाहिजेत आणि खुंट्या, म्हणजे डॉवेल, आपापल्या भोकांत शिरल्या पाहिजेत.

टेकत नसतील तर? मोह असा होतो की बोल्ट लांबच आहेत, ते आवळत न्यावेत, म्हणजे फट मिटेल. हे करू नका. फट राहिली आहे म्हणजे आत काहीतरी अडलेलं आहे: दाते जुळले नाहीत, प्लेट मध्यावर नाही, मध्ये एखादी वायर किंवा पत्र्याची प्लेट सापडली आहे. बोल्ट ते अडलेलं मोडेल किंवा बेलहाउसिंगचा कान तोडेल. इंजिन थोडं मागे घ्या, टॉर्च मारून बघा, पुन्हा या. आणि दांडा अर्धा आत गेलेला असताना गिअरबॉक्स किंवा इंजिन त्याच्यावर लोंबकळत सोडू नका. क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही. सुरुवातीला म्हटलेलं ते “नवी प्लेट टाकूनही गिअर पडेना” यातूनही होतं.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलाने भरलेला एक गोल डबा. तो गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसलेला असावा लागतो, आणि बऱ्याच गिअरबॉक्समध्ये हे बसणं तीन टप्प्यांत होतं: इनपुट शाफ्टचे दाते, त्याभोवतीच्या स्थिर नळीचे दाते, आणि सगळ्यात शेवटी पंपाच्या खाचा. फिरवत फिरवत आत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने खाली उतरलेला हाताला कळतो. शेवटचा टप्पा राहिला आणि तसंच इंजिन बोल्टने ओढून घेतलं, तर गिअरबॉक्सचा पंप तुटतो. तपासणी सोपी आहे. बेलहाउसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्यात व पुढच्या फ्लेक्सप्लेटमध्ये, म्हणजे क्रँकला लावलेल्या पातळ चकतीमध्ये, काही मिलिमीटर फट उरली पाहिजे. नेमकी किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. फट नाही, तर बोल्ट आवळायचे नाहीत.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंट, त्यांचे सगळे बोल्ट आधी हाताने लावा, इंजिन थोडं हलवून आपल्या जागी बसू द्या, मग आवळा. एक बाजू आवळून मग दुसरीकडे गेलात तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडी आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते.

नळ्या, वायरी आणि विसरली जाणारी ती पट्टी

जुन्या रबरी नळ्या या निमित्ताने बदलून टाका. इंजिनाच्या तुलनेत त्यांची किंमत काहीच नाही. पेट्रोलच्या नळीला पेट्रोलचीच नळी आणि तिचीच क्लिप लागते, पाण्याची चालत नाही. थेट सिलिंडरमध्ये इंधन मारणाऱ्या इंजिनांत उच्च दाबाचे धातूचे पाइप काही कंपन्या एकदाच वापरायला सांगतात. तसं असेल तर नवेच घाला. एसीचा गॅस मोकळा सोडू नका. कंप्रेसर नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवता येतो.

वायरिंगचे कनेक्टर बहुधा चुकीच्या जागी बसत नाहीत, पण सारख्या आकाराचे दोन शेजारी असले की अदलाबदल होऊ शकते. खरी विसरली जाते ती अर्थची पट्टी, म्हणजे इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी जाड, विणलेली तार. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी नसेल तर स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे अॅक्सिलरेटरची, क्लचची किंवा गिअरची केबल. सेल्फ मारला की केबल तापते, तिचं वेष्टन वितळतं. सेल्फ मंद फिरतो म्हणून लोक बॅटरी बदलतात आणि केबल जळतच राहते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. ती जोडण्याआधी या पट्टीवर एकदा हात फिरवा.

सुरू करायच्या आधी तेल फिरवा

आता सगळं जोडलेलं आहे आणि किल्ली फिरवावीशी वाटते. अजून नाही. ऑइल फिल्टर शक्य असेल तर तेलाने भरून लावा, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, तेल मापाने घाला. सगळे स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिनात दाब राहत नाही, ते सहज फिरतं आणि बेअरिंगांवर भार येत नाही. इंधन पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडा. मग सेल्फ दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. थांबणं स्टार्टरसाठी आहे, नाहीतर तो जळतो. तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत हे करा. डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबण्यापेक्षा प्रेशर स्विचच्या जागी काट्याचा गेज लावला तर आकडाच दिसतो, आणि या कामात मला आकडा दिसलेला बरा वाटतो.

काही जुन्या इंजिनांत तेलपंप डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटून देणाऱ्या भागाच्या, दांड्यावर चालतो. तिथे ड्रिल मशिनला योग्य दांडा लावून क्रँक न फिरवताच तेल वर आणता येतं. क्रँकवरच पंप असलेल्या इंजिनांत ही सोय नाही. तिथे पंप बांधतानाच ओला करून ठेवलेला असावा लागतो, नाहीतर कोरडा पंप तेल ओढतच नाही. बांधणाऱ्याला हे विचारून घ्या.

पाण्याचंही असंच. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी बहुधा निम्मं-निम्मं. भरताना गाडीचं नाक थोडं उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, आणि हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा. अडकलेल्या हवेचा मोठा धोका असा की तापमानाचा सेन्सर पाण्यात असेल तरच खरं सांगतो. तो हवेच्या बुडबुड्यात असेल तर काटा खाली राहतो आणि हेड मात्र तापत असतं.

पहिला स्टार्ट

प्लग लावा, फ्यूज लावा, कॉइल जोडा. कनेक्टर आणि नळ्या पुन्हा एकदा बघा. हे इंजिन पटकन सुरू व्हायला हवं, कारण नुसता सेल्फ मारत राहिलं की पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि नव्या रिंगा कोरड्या घासतात. दोन-तीन प्रयत्नांत लागलं नाही तर थांबा आणि कारण शोधा: स्पार्क, इंधन, टायमिंग, प्लगच्या वायरींचा क्रम. बहुतेक चार सिलिंडरच्या सरळ इंजिनांत तो १-३-४-२ असतो.

सुरू झालं की पहिली नजर तेलाच्या दाबाकडे. काही सेकंदांत तो आला नाही तर बंद करा, काय होतंय ते बघत बसू नका. दुसरी नजर तापमानाकडे, तिसरी खाली, कुठे गळतंय का ते. सोबत एक माणूस आणि हाताशी अग्निशामक असलाच पाहिजे. बांधताना लावलेलं वंगण आणि बाहेरचा तेलाचा हात जळतो म्हणून पहिली काही मिनिटं धूर येतो, त्याला घाबरू नका. ठोक्यांचा आवाज मात्र कधीच “निघून जाईल” म्हणून सोडू नये.

काही जुन्या रचनेच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सपाट तळाच्या टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हकडे ढकल पोचवणाऱ्या तुकड्यावर, घासत चालतो. नवा कॅम असेल तर त्यांना सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं ठेवावं लागतं आणि जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल लागतं, कारण कॅमवर तेल उडतं ते क्रँकच्या फिरण्याने, आणि आयडलवर ते पुरेसं उडत नाही. रोलर असलेल्या इंजिनांना याची गरज नसते. तुमचं कोणतं आहे ते आधी ठाऊक हवं, इंजिन चालू असताना विचारत बसायला वेळ नसतो.

“पण पहिले हजार किलोमीटर हळूच चालवायची ना?”

हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. रिंग सिलिंडरला नुसत्या स्वतःच्या ताणाने दाबत नाही. जळलेल्या वायूचा दाब रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर भिंतीवर ढकलतो. गाडी आयडलवर उभी ठेवली किंवा एका संथ वेगाने चालवत राहिली तर हा दाब कमी राहतो, रिंगा नीट घासल्या जात नाहीत, आणि भिंतीवरचं तेल भाजून रेघांवर गुळगुळीत थर बसतो. मग ते इंजिन तेल पितच राहतं.

म्हणून इंजिन पूर्ण गरम झालं की मोकळ्या रस्त्यावर मधल्या गिअरमध्ये, साधारण ५० पासून ८० किलोमीटरच्या वेगापर्यंत दमदार अॅक्सिलरेटर द्यायचा आणि मग पाय पूर्ण काढून इंजिनानेच वेग खाली येऊ द्यायचा. असं दहा-एक वेळा. वेग वाढताना रिंगा दाबल्या जातात, पाय काढल्यावर सिलिंडरात निर्वात होऊन तेल वर ओढलं जातं आणि घासलेली कच धुऊन निघते. टाळायचं ते वेगळं आहे: लाल रेघेपर्यंत रेस करणं, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी कुथवणं, ट्रेलर ओढणं, आणि तासन् तास एकाच वेगाने हायवेवर धावणं.

“नव्या गाडीत कारखान्यातूनच सिंथेटिक तेल येतं, मग बांधलेल्या इंजिनात सुरुवातीला ते नको असं का म्हणतात?”

कारखान्यात सिलिंडरच्या रेघांचे टोकदार कंगोरे शेवटी मुद्दाम सपाट केलेले असतात, म्हणजे रिंग बसण्याचं बरंच काम तिथेच झालेलं असतं. बाहेर बांधलेल्या इंजिनात होनिंग किती बारकाईने झालं यावर ते ठरतं. त्यामुळे बांधणाऱ्याने आणि रिंगांच्या कंपनीने जे तेल सांगितलं तेच घाला. बहुधा ते साधं मिनरल किंवा रनिंग-इनसाठीचं, म्हणजे नवं इंजिन रुळवण्यासाठीचं, तेल असतं. पहिलं तेल आणि फिल्टर लवकर बदला. कोणी पहिल्या फेरीनंतर लगेच सांगतं, कोणी काहीशे किलोमीटरनंतर. माझं मत लवकर बदलण्याच्या बाजूने आहे. काढलेला फिल्टर फेकू नका, कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडा. बारीक, चमचमणारी पूड थोडी असणारच. नखाला लागेल असा पत्र्याचा कण किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर बेअरिंगला काहीतरी झालं आहे, आणि गाडी तिथेच उभी करून बांधणाऱ्याला दाखवायला हवी.

“मिस्त्री तर हाताच्या अंदाजाने आवळतात”

पन्नास इंजिनं बांधलेल्या हाताचा अंदाज पहिल्यांदा काम करणाऱ्याला नसतो, आणि तो नसण्यात कमीपणाही नाही. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, इथे लागतोच. दुसरं, आजकाल फ्लायव्हील, क्रँक पुली, हेड अशा ठिकाणी एकदाच वापरायचे बोल्ट असतात. ते आवळताना कायमचे ताणले जातात आणि आधी ठरावीक टॉर्क, मग ठरावीक अंश फिरवणं, असा त्यांचा नियम असतो. तो हाताने कळत नाही. मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरला तर घर्षण कमी असल्याने बोल्ट जास्त ताणला जातो, हेही लक्षात असू द्या. आणि टायमिंग कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कव्हर किंवा ब्लॉक तडकतो.

घरी करूच नये अशी गाडी कोणती?

हायब्रीड. तिच्यातल्या नारिंगी केबलांमध्ये जीव घेईल इतकं व्होल्टेज असतं आणि ती वीज बंद करण्याची पद्धत शिकून घ्यावी लागते. सबफ्रेमसकट खालून इंजिन बसवायची गाडी आणि घरी गाडी पुरेशी उंच उचलायची सोय नाही, हीही जोडी टाळावी. जमीन उतरती असेल तर काम दुसरीकडे हलवा.

बाकी गाड्यांत काम वाटून घेता येतं. उचलणं आणि गिअरबॉक्सची जुळणी एखाद्या अनुभवी माणसाला सोबत घेऊन करा, नळ्या-वायरी स्वतः करा, आणि शेवटी स्कॅनर जोडून इंजिनाच्या कंप्युटरमधले जुने हिशेब पुसून घ्या, कारण त्याने इंधनाचं प्रमाण जुन्या, झिजलेल्या इंजिनावरून शिकलेलं असतं. काही गाड्यांत थ्रॉटलची आणि क्रँक सेन्सरची ओळख नव्याने करून द्यावी लागते. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा पेटलेला राहिला तर इंजिनात बिघाड आहे असं समजून पुन्हा पाने हातात घेऊ नका, आधी स्कॅनरवरचा कोड वाचा.